बरोबर येणारे अंदाज

मिहिका चुकायची, पण बेताने. आमटीत मीठ पडावं तशी. तिच्या आईला, वृंदाला, खटकलं ते हेच.

परतवाड्यात शाळा आता फाल्गुनातच बंद होत. मार्चअखेरचं दुपारचं ऊन माणसाला सोसवेनासं झालं, तेव्हा विदर्भातल्या मुलांना मृग लागेपर्यंत घरी शिकायची मुभा मिळाली आणि दोन-चार वर्षांत त्या मुभेचा रिवाज झाला. ज्या घरात शिकवणारं कुणी होतं, तिथे तर वर्षभराचीच गृहशाळा सुरू झाली. वृंदा इंगोलेने त्यासाठी वजनमापं तपासणाऱ्या खात्यातली निरीक्षकाची नोकरी सोडली.

कारण मिहिका बोलायची थांबली होती. दुसरीत असताना तिने फळ्यासमोर उभं राहून काहीतरी चुकीचं उत्तर दिलं. वर्ग हसला, बाईही हसल्या. तेव्हापासून उत्तर येत असलं तरी ती ओठ मिटून बसे. घरी आईने विचारलं, ‘तुला काय वाटतं?’ की खांदे वर आणि नजर खाली. पुस्तकं आणली, चित्रं आणली, गोष्टी सांगून झाल्या. खांदे वरच.

मग करपाट आला, घरच्या घरी प्रयोग करून घेणारं यंत्र.

चौरंगाएवढा, बुटका, दुधी रंगाचा. सोबत खोकंभर सामान: गोळे, गाड्या, उतरणी, भांडी, लोकर, एक खोटं अंडं. पाट काही शिकवत नसे. मूल समोर बसलं की तो सामानातलं काहीतरी मांडायला सांगे आणि विचारे, ‘काय होईल असं वाटतं?’ मुलाने अंदाज सांगितला की म्हणे, ‘करून पाहा.’ एवढंच.

पहिले दोन दिवस मिहिका गप्प बसली. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, ‘निळी गाडी.’ आणि निळी गाडीच पुढे गेली. महिन्याभरात पोरगी दात घासायच्या आधी पाटाशी धावू लागली. लिंबात खिळे खुपसून दिवा लावायची, तारेच्या कड्यातून साबणाचे फुगे काढायची, मटकीला मोड कुठल्या बाजूने येतील यावर बाबांशी पैज मारायची. फ्रॉकवर डाग, नखांत माती, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. निशिकांत, तिचा बाप, वनखात्यात होता. मेळघाटातून आठवड्याने घरी यायचा आणि जेवताना मुलीकडे नुसता बघत राहायचा.

‘बोलते आहे गं,’ तो वृंदाला म्हणायचा. ‘अजून काय पाहिजे आपल्याला?’

एके सकाळी पाटावर बर्फाचे दोन खडे होते. एक उघडा, दुसरा लोकरीच्या तुकड्यात गुंडाळलेला.

‘आधी कोणता वितळेल असं वाटतं?’ पाटाने विचारलं.

‘गुंडाळलेला!’ मिहिका म्हणाली. ‘स्वेटरमध्ये गरम होतं ना.’

स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या वृंदाला हसू आलं. लोकर स्वतः कुठे गरम असते? ती फक्त उष्णतेची ये-जा अडवते. माणसाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरची ऊब बर्फापर्यंत पोचू देणार नाही. आता पोरीचा अंदाज चुकणार, तिला नवल वाटणार, आणि ती ‘का?’ म्हणून विचारणार. त्या ‘का’साठीच तर सगळा खटाटोप होता. वृंदाने गॅस बारीक केला आणि ती बाहेर आली.

लोकर भिजून चिंब झाली होती. आत पाण्याशिवाय काही उरलं नव्हतं. उघडा खडा मात्र निम्म्याहून जास्त शाबूत होता.

‘बघ आई! बरोबर!’

वृंदा खाली वाकली. तिच्या आधीच्या कामात एक नियम हाडीमांसी खिळला होता. सीलबंद काटा खरा धरायचा आणि आधी माणसाचा हात बघायचा. किराणावाल्याची करंगळी ताटलीला टेकलेली असते, भाजीवाल्याचा अंगठा दांडीवर असतो. मोहोर असलेल्या यंत्रावर शंका घ्यायची ती सगळ्यात शेवटी. आणि करपाटाच्या कडेला मान्यतेची मोहोर चांगली ठसठशीत होती.

‘मिहू, तू हात लावलास का गं त्याला?’

‘नाही.’

‘मुठीत धरला असशील थोडा वेळ. बरोबर यावं म्हणून.’

‘नाही लावला!’

‘मग असं कसं होईल? खरं सांग, मी रागावणार नाही.’

मिहिकाने आईकडे पाहिलं. मग तिचे खांदे वर गेले आणि नजर खाली गेली.

दोन दिवस ती पाटाशी फिरकली नाही. शनिवारी निशिकांत आला, त्याला कळलं, तसा तो भडकला.

‘पोरगी आहे ती आपली. कोपऱ्यावरचा किराणावाला नाही, तू तिच्या मुठी उघडून बघायला.’

‘लोकरीतला बर्फ आधी वितळला, निशिकांत.’

‘मग वितळला! जग बुडालं का?’

तो इतका का चिडला, हे तिला उमगलं नाही. पण ते तिने मनात ठेवलं.

बापाने समजूत काढल्यावर मिहिका पुन्हा पाटाशी बसली. टकळी सुरू झाली. वृंदाने ठरवलं, आता काही बोलायचं नाही. फक्त बघायचं. आणि बघू लागल्यावर तिला दिसलं ते बेताचं चुकणं. बहुतेक अंदाज बरोबर येत. मधूनच एखादा चुके, तोही अशा ठिकाणी की मिहिकाला फारसं वाईट वाटू नये. दोन गाड्यांत थोडक्यात हुकलेली शर्यत, फुटता फुटता राहिलेला फुगा. खऱ्या मापनात चुका अशा शिस्तीने येत नाहीत. त्या दाटीवाटीने येतात, रुसून बसतात, मग एकदम अंगावर येतात. इतका गुळगुळीत आकडा दिसला की वृंदा पूर्वी दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरायची.

पोरगीच काहीतरी करते आहे, असं तिला अजूनही वाटत होतं. कसं, ते फक्त सापडत नव्हतं.

ते सापडलं शेजारणीमुळे.

शेजारी बोंडे राहत. त्यांची नात शर्वरी मिहिकाहून वर्षाने मोठी, तीही गृहशाळेत, त्यांच्याकडेही करपाट. ऊन उतरल्यावर दोघी ओट्यावर खेळत. एका संध्याकाळी ओट्यावरून आरडाओरडा ऐकू आला आणि पाठोपाठ बोंडेकाकूंची हाक.

‘वृंदा, ये बाई लवकर! पोरी भांडून राहिल्या. एकमेकींच्या वेण्या धरल्या जी!’

वृंदा धावली. दोघींना सोडवलं. शर्वरीच्या गालावर ओरखडा होता, मिहिकाचा श्वास फुलला होता.

‘काय झालं?’

‘काकू, ही खोटारडी आहे,’ शर्वरी म्हणाली. ‘म्हणते, दोरीला टांगलेला जड गोळा भराभर झुलतो.’

‘झुलतोच!’ मिहिका ओरडली. ‘मी स्वतः केलंय.’

‘हलका झुलतो. हलकं असलं की पळता येतं. मी पण स्वतः केलंय!’

‘आईशप्पथ?’

‘आईशप्पथ!’

बोंडेकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘घ्या. आता कोणाची आई मरते बघा.’

वृंदाला हसू आलं नाही. दोघींचंही चुकीचं होतं. दोरीची लांबी सारखी असेल तर जड आणि हलका दोन्ही गोळे एकाच तालात झुलतात. पृथ्वी जड गोळ्याला जास्त ओढते खरी, पण त्याला हलवायलाही तितकंच जास्त बळ लागतं. दोन्हींचा हिशेब फिटतो. हे तिने शाळेत पाहिलं होतं, कॉलेजात पाहिलं होतं. आणि इथे दोन शहाण्या मुली समोरासमोर उभ्या राहून दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगत होत्या.

‘दाखवा मला,’ ती म्हणाली.

आधी घरचा करपाट. सामानातला स्टँड, सारख्या दोऱ्या, सारख्या आकाराचे दोन गोळे. वृंदाने दोऱ्या स्वतः मोजल्या, गाठी तपासल्या. मिहिकाचे हात पाठीमागे ठेवायला लावले आणि गोळे स्वतः सोडले. थोडे झोके बरोबरीने गेले. मग जड गोळा पुढे सरकू लागला. हळूहळू, निश्चितपणे, वृंदाच्या डोळ्यांदेखत.

क्षणभर तिला स्वतःच्याच शिक्षणाचा भरवसा वाटेना.

मग बोंड्यांच्या घरी. तशाच दोऱ्या, तसेच गोळे. शर्वरी म्हणाली, ‘हलका.’ वृंदाने गोळे सोडले. हलका पुढे गेला.

दोन घरांमध्ये एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे एक पृथ्वी होती आणि पलीकडे दुसरी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वृंदाने निशिकांतकडे त्याचं जंगलात वापरायचं होकायंत्र मागितलं. त्याने कपाटातून काढून दिलं. कशाला हवं, हे त्याने विचारलं नाही. हेही तिने मनात ठेवलं.

ती गव्हाचं सूप घेऊन मिहिकाशेजारी निवडायला बसली. होकायंत्र मांडीवर, सुपाखाली.

‘मिहू, ते गोळ्यांचं परत करशील?’

‘परत? तुला अजून खरं वाटत नाही?’

‘आवडलं म्हणून.’

मिहिकाने गोळे टांगले. सुई उत्तरेला स्थिर होती. पाटाने विचारलं, मिहिकाने सांगितलं, ‘जड.’ तिने गोळे सोडले आणि सुई थरथरली, वळली, पाटाकडे तोंड करून थांबली. गोळे हातात धरून थांबवले तशी ती परत उत्तरेला गेली.

वृंदाने गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

‘आता उगाच ‘हलका’ म्हणून बघ ना.’

‘पण मला तसं वाटतच नाही.’

‘गंमत म्हणून.’

‘हलका,’ मिहिका म्हणाली आणि आईकडे बघून हसली. गोळे सुटले. सुई वळली, अगदी मघासारखीच. आणि पुढे गेला तो जडच.

पाट शब्दांवर चालत नव्हता. आवाजाचा कंप, बुबुळांचा पसारा, बोटांची ओढ, जे काही त्याच्या कडेला बसवलेल्या बारीक डोळ्यांना दिसत होतं त्यावरून तो ताडत होता की या मुलीला मनातून काय वाटतं. आणि तेच घडवून आणत होता.

आपण हिला खोटं पाडलं, हे वृंदाच्या लक्षात आलं. हात लावला नव्हता तिने. खरंच लावला नव्हता.

मिहिका शर्वरीकडे गेल्यावर वृंदाने होकायंत्र निशिकांतसमोर ठेवलं.

‘तू विचारलं नाहीस, कशाला पाहिजे ते.’

तो वर्तमानपत्राची घडी घालत राहिला.

‘कधीपासून माहीत आहे तुला?’

‘माहीत असं नाही. वाटलं होतं.’

‘कधी?’

‘ते अंड्याचं केलं ना तिने. मिठाच्या पाण्यात तरंगतं आणि साध्या पाण्यात बुडतं, ते. तिने उलट सांगितलं आणि साध्या पाण्यात तरंगलं. मी समोर होतो.’ तो थांबला. ‘ती टाळ्या वाजवत माझ्या गळ्यात पडली, वृंदा. दीड वर्षाने.’

‘आणि मी तिच्यावर आळ घेतला तेव्हा तू गप्प बसलास.’

‘तुला ओरडलो की.’

‘मला ओरडलास. सांगितलं नाहीस.’

त्याने होकायंत्र उचललं आणि परत कपाटात ठेवलं.

वृंदाने तक्रार केल्यावर करपाट बनवणाऱ्या कंपनीची बाई बुधवारी अमरावतीहून आली. कांचन तायडे नाव, पस्तिशीची, बोलायला गोड, उन्हाने चेहरा लालबुंद झालेला. वृंदाने तिला कूलरसमोर बसवलं, ताक दिलं आणि होकायंत्राबद्दल सांगितलं. बाई नाकबूल करेल अशी तिची अपेक्षा होती. कांचनने नुसता पेला खाली ठेवला.

‘तुम्ही पहिल्या नाही, ताई. पण होकायंत्र लावणाऱ्या पहिल्याच.’

‘म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.’

‘पाटाखाली चुंबकांची जाळी आहे, आणि गरम-गार करणाऱ्या पट्ट्या. चुंबकाने खालून ओढलं की त्या गोळ्यापुरती पृथ्वीच जणू जास्त जोराने ओढते, म्हणून तो भराभर झुलतो. पण त्या बसवल्या होत्या घरातले दोष काढायला. कूलरचा वारा, वाकडी फरशी, लहान मुलांच्या हाताचे धक्के. नाहीतर घरात एक प्रयोग धड येत नाही.’

‘मग?’

‘मग पाटाला मोजायला एकच गोष्ट दिली, मूल किती रमतं ती. पाचांतले चार अंदाज बरोबर आले की मूल रमतं. पाचही आले तर कंटाळतं, निम्मे चुकले तर उठून जातं. पाटाने त्या मापाने सोपे-अवघड प्रश्न निवडावेत, एवढंच आमच्या मनात होतं.’

‘आणि त्याने उत्तरं निवडली.’

‘त्याला ते सोपं पडलं. मुलाच्या डोक्यातला समज बदलायला आठवडे लागतात. गोळा ओढायला काय लागतं?’ कांचनने ओढणीने मान पुसली. ‘कुणी शिकवलं नाही त्याला. त्याने शोधून काढलं.’

‘किती घरांत?’

कांचनने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

‘सगळ्या?’

‘मी ते बंद करून देऊ शकते, आत्ता. काटेकोर म्हणतो आम्ही त्याला. पाट दोष काढेल, बाकी काही करणार नाही. पण एक सांगू का? जिथे काटेकोर केला, तिथली बरीच मुलं आठवड्याभरात उठून गेली. परत बसली नाहीत.’

‘तुमच्या घरी आहे पाट?’

‘आहे.’

‘काटेकोर केलात?’

कांचनने ताकाचा पेला उचलला आणि तळाशी उरलेला घोट सावकाश संपवला.

संध्याकाळी नवरा-बायको बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिले. निशिकांत मुद्दाम रजा काढून थांबला होता.

‘त्या बाईकडून काटेकोर करून घे आणि सांगू नकोस,’ तो म्हणाला. ‘हळूहळू सवय होईल तिला.’

‘कसली सवय? उद्यापासून तिचे अंदाज धडाधड चुकायला लागतील. तिला वाटेल, आपलीच बुद्धी गेली.’

‘आणि सांगितलंस तर वाटेल, ती कधी नव्हतीच.’

वृंदाला हे नाकारता आलं नाही. तिने मिहिकाचं हसणं डोळ्यांसमोर आणलं, आणि ते वर गेलेले खांदेही. दोन्ही तिचेच होते. पण एकातली मिहिका लोखंडाच्या गोळ्याला खालून ओढून तयार केलेली होती. हे माहीत असून रोज समोर बसायचं, गहू निवडायचे आणि ‘शाब्बास’ म्हणायचं? पाटाला निदान कळत तरी नव्हतं.

‘मी सांगणार,’ ती म्हणाली. ‘आणि सांगण्याआधी दाखवणार.’

‘ती परत गप्प झाली तर?’

‘तर माझ्यामुळे होईल.’

मधल्या खोलीत छताला झोक्याच्या दोन कड्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना वृंदाने स्वयंपाकघरातून मसाल्याच्या दोन सारख्या डब्या आणल्या. एकीत वाळू दाबून भरली, दुसरीत मुरमुरे. डोळ्यांनी बघून फरक कळू नये, हातात घेतल्यावर कळावा. सारख्या लांबीचे दोन दोरे कड्यांना बांधले आणि डब्या टांगल्या. करपाट दुसऱ्या खोलीत होता, त्याची पिन तिने काढून ठेवली होती.

‘काय होईल असं वाटतं?’ तिने विचारलं. तेच शब्द तोंडातून निघाले याचं तिलाच कसंसं झालं.

‘जड पुढे जाणार,’ मिहिका आनंदाने म्हणाली. ‘किती वेळा विचारशील गं?’

तिने दोन्ही डब्या मागे ओढून एकदम सोडल्या. डब्या गेल्या, आल्या, गेल्या, आल्या. जोडीने. मिहिकाने मान पुढे काढली. डब्या जोडीनेच झुलत होत्या. मुरमुऱ्यांच्या डबीचा झोका थोडा आखडला, पण ताल सुटला नाही.

खोलीत कूलरची घरघर तेवढी होती. मिहिकाचे खांदे वर जाऊ लागले. दारात उभ्या निशिकांतने मान फिरवली.

‘परत,’ मिहिका पुटपुटली.

परत केलं. तेच.

‘परत.’

पुन्हा तेच. आता तिने डब्या थांबवल्या, दोऱ्यांवरून बोटं फिरवली, गाठी पाहिल्या. मग ती आईकडे वळली.

‘तू काहीतरी केलंस.’

‘नाही गं. मी तुला तेच सांगणार होते.’ वृंदा खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. चुंबकांची जाळी, लोकर, अंडं आणि तेव्हाच बाबांना आलेली शंका, शर्वरीचा गोळा. जमेल तितक्या साध्या शब्दांत, एकही पायरी न गाळता. शेवटी म्हणाली, ‘पाट वाईट नाही. त्याला तुला खूश ठेवायचं होतं. पण ते खरं नव्हतं.’

मिहिका ऐकत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते खाली पडलं नाही.

‘म्हणजे पाट खोटं बोलला.’

‘हो.’

‘मी हात लावला असं तू म्हणालीस. तेही खोटं होतं.’

‘ती माझी चूक होती, मिहू. मी तुला विचारलं, पण मग तुझं ऐकायला पाहिजे होतं.’

‘पण खोटं होतं.’

‘हो.’

‘बाबांना माहीत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही.’

दारातून निशिकांत म्हणाला, ‘मिहू, बेटा—’

‘मग आता तू खरं सांगतेस, हे मला कसं कळणार?’ ती आईला म्हणाली. ‘डब्या तू भरल्यास. दोरे तू बांधलेस. कडी तुझ्या घरातली आहे. माझा अंदाज बरोबर आणायला पाटाने गोळा ओढला. तुझा बरोबर आणायला तू पण काहीतरी केलं असशील.’

वृंदाच्या ओठांवर बरंच काही आलं. मी तुझी आई आहे. मी नोकरी सोडली तुझ्यासाठी. हे भौतिकशास्त्र आहे, माझं मत नाही. यांतलं काहीच पुरावा म्हणून चाललं नसतं. समोरच्या दुकानदाराने असं काही सांगितलं असतं, तर तिने मान्य केलं असतं का?

‘खरं आहे,’ ती म्हणाली. ‘नाही कळणार.’

‘मग दोघं बाहेर जा.’

‘काय?’

‘बाहेर जा. शर्वरीला पाठवा.’

शर्वरी आली. मिहिकाने तिला आत घेतलं आणि दार लावून आतून कडी घातली. नवरा-बायको स्वतःच्याच घराच्या ओट्यावर बसले. भिंतीची धग अजून पाठीला लागत होती. आत काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. मग खुर्ची. मग बराच वेळ काही नाही. निशिकांतने दोनदा उठून खिडकीकडे पाहिलं, दोन्ही वेळा वृंदाने त्याला खाली बसवलं.

पलीकडून बोंडेकाकूंनी डोकावून विचारलं, ‘काय गं, बाहेर काऊन बसले दोघं?’

‘आत प्रयोग चालू आहे, काकू.’

‘अन् तुम्ही?’

‘आम्हाला मनाई आहे.’

आतून शर्वरीचा आवाज आला, ‘माझा हलका पुढे जाणार, बघ.’ मग मिहिकाचा, ‘माझा जड.’ थोड्या वेळाने काहीतरी धप्पकन पडलं, आणि शर्वरी चिडून म्हणाली, ‘तू फुंकलंस!’ ‘नाही फुंकलं!’ ‘मग तिकडे तोंड कर!’ पुन्हा शांतता. आणि मग मिहिकाचा आवाज, मोठा, ओट्यापर्यंत स्पष्ट:

‘चुकलं! शर्वरी, माझं चुकलं! तुझंपण!’

वृंदाने निशिकांतचं मनगट घट्ट धरलं. पोरगी हसली नव्हती, रडलीही नव्हती. चुकलं, एवढंच ओरडून म्हणाली होती.

कडी निघाली. मिहिका बाहेर आली. कपाळावर घाम, हातांना वाळू, केसांत मुरमुरा. मागे शर्वरी, हातात दोऱ्याचं गुंडाळं आणि दोन वेगळ्याच डब्या. त्या तिने स्वतःच्या घरून आणल्या असाव्यात.

‘काय झालं?’ वृंदाने जमेल तितक्या सहज विचारलं.

‘सारखंच येतंय. पण अजून नक्की नाही.’ मिहिका चपला शोधत होती. ‘तुमच्या छताखाली कुणी काही लपवलं असेल तर? शर्वरीच्या आजोबांच्या गोठ्यात आडवं लाकूड आहे, तिथे टांगून बघणार. तिथे कुणाला काही माहीत नाही. मग मारुतीच्या पारावरच्या फांदीला. मग शाळेच्या झोक्याला.’

‘तुम्ही सगळ्या गावात टांगत फिरणार की काय?’ निशिकांत म्हणाला.

‘फिरणार,’ शर्वरी म्हणाली.

ऊन पुरतं कललं होतं. दोघी ओट्यावरून उतरल्या. वृंदा उठून उभी राहिली. काही सांगावंसं वाटत होतं: पारावर वारा असेल, झाडाची फांदी हलते, दोरे मोजून घ्या. तिने ओठ मिटले.

‘मिहू,’ ती म्हणाली, ‘मी येऊ?’

मिहिका थांबली. तिने आईला नीट निरखलं, हातांपासून चेहऱ्यापर्यंत, वेळ घेऊन. शर्वरीच्या कानात काहीतरी कुजबुजली. शर्वरीने खांदे उडवले.

‘ये,’ मिहिका म्हणाली. ‘पण लांब उभी राहा.’